उसनी उघडझाप

हेमांगी मगदूमला नवऱ्याचा संशय आला होता असं म्हणणं बरोबर होणार नाही. संशयाला धरायला काहीतरी लागतं, आणि अभय मगदूमजवळ लपवण्यासारखं काही नव्हतंच. सांगलीच्या एका खाजगी प्रयोगशाळेत तो हळदीचे नमुने तपासायचा, पिवळी बोटं घेऊन संध्याकाळी मिरजेला घरी यायचा, आणि मंगळवारी-शुक्रवारी पेटी उचलून मंजिरीताई देशिंगकरांकडे गाण्याच्या साथीला जायचा. जाताना सांगून जायचा, आल्यावर जेवायला बसायचा. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि हेमांगीचं दुखणं नेमकं तेच होतं.

बरं, मंजिरीताई म्हणजे कोण? साठी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, जिना चढताना मध्येच कठडा धरून उभ्या राहणाऱ्या. त्यांच्यावर जळायचं म्हणजे स्वतःचं हसं करून घ्यायचं. हेमांगी त्यांच्याहून बरीच लहान, दिसायला उजवी, लग्नाकार्यात अजून चार बायका तिची साडी निरखून बघायच्या. तरी ती जळत होती. अभय त्यांना ‘ताई’ म्हणायचा, याचाही तिला रागच होता. एकदा ताई म्हणून टाकलं की बायकोनं तोंड कसं उघडायचं?

ठिणगी पडली ती एका व्हिडिओमुळे. कोल्हापूरच्या कार्यक्रमात मंजिरीताई गात होत्या आणि अभय पेटीवर होता. त्याचं पट्ट्यांकडे लक्षच नव्हतं, तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्या श्वासाला थांबणार हे त्यांच्याआधी त्याला कळत होतं, आणि त्या थांबल्या की त्याचा सूर तिथं हजर. मग कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला. पहिल्या रांगेत हेमांगी बसली होती आणि तिच्या वरच्या पापण्या इतक्या ओघळल्या होत्या की ती चक्क झोपलेली दिसत होती. ती झोपली नव्हती. डोळ्यांत तेल घालून ती त्या दोघांकडे बघत होती. पण गाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “वहिनींना डुलकी लागली वाटतं,” आणि ते वाचून अभय खो खो हसला.

त्या हसण्याचं काय करायचं ते हेमांगीनं त्याच आठवड्यात ठरवलं.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. डॉ. नाझिया बारगीर पापण्यांचं काम करायच्या, आणि त्यांचा हात हलका आहे असं सगळे म्हणायचे. पूर्वी जादा कातडं कापून टाके घालायचे आणि काही वर्षांनी पापणी पुन्हा ओघळायची. आता पेशंटच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेला ताजा स्नायू पापणीत बसवत होते. तो आयुष्यभर ओघळत नाही. अडचण एकच होती.

“नवा स्नायू अडाणी असतो,” डॉक्टर म्हणाल्या. “कधी मिटायचं, कधी उघडायचं, त्याला काही ठाऊक नसतं. तुम्हाला काय वाटतं, आपण पापण्या कशासाठी मिटतो?”

“डोळे कोरडे पडू नयेत म्हणून.”

“त्याला निम्मी उघडझाप पुरली असती. बाकीच्या वेळी मेंदू थांबा घेत असतो. वाक्य संपलं, समोरचा श्वासाला थांबला, की मिटली पापणी. आणि दोन माणसं जिवाभावाचं बोलत असली ना, की दोघांच्या पापण्या एकाच जागी मिटायला लागतात. कुणी ठरवून करत नाही, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण मेंदू ते टिपतो, आणि आपल्याला वाटतं, या माणसाला माझं कळतंय.”

नवा स्नायू नसेला जोडला जाईपर्यंत पापणीत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशी एक पट्टी बसवायची. कानामागे चिकटवलेली मसुराएवढी टिकली समोरच्याचं बोलणं ऐकणार, थांबा कुठं येतोय ते ओळखणार आणि पट्टीला सांगणार. पट्टी पापणी मिटवणार. असं करत करत नस शिकते, मग पट्टी आपोआप विरघळून जाते आणि शिकवलेली लय कायमची अंगात मुरते. मात्र पट्टीला आधी कुणाची तरी लय द्यावी लागते.

“माझीच द्या की,” हेमांगी म्हणाली.

“तुमची बिघडलीय. इतकी वर्षं तुम्ही पापण्या कपाळानं उचलताय. तीच सवय नव्या स्नायूला लावली तर काय उपयोग? घरातल्या माणसाची घेतो आम्ही. एका घरात राहून लय जुळलेलीच असते. मिस्टरांची चालेल.”

लय टिपायला दवाखान्यानं एक चष्मा दिला. तो अभयनं घालायचा आणि नवरा-बायकोनं समोरासमोर बसून तासभर मनमोकळ्या गप्पा मारायच्या. पुरेसं टिपून झालं की दांडीवरचा लाल दिवा हिरवा होणार होता.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं बसले.

“बोल,” अभय म्हणाला.

“काय बोलू?”

“काहीही बोल की.”

“मावशी उद्या यायच्या नाहीत म्हणाल्या.”

“बरं.”

“दोडका आणलाय.”

“चालेल.”

मग हेमांगी दांडीवरच्या दिव्याकडे बघत बसली. तो लाल तो लालच. अभयनं मांडी बदलली, घसा साफ केला, खिडकीबाहेर बघितलं. शेवटी तो म्हणाला, “असं कर, हाच घालून तालमीला जातो. तिथं दोन-दोन तास गाणं आणि गप्पा चालतात. पापणी ती पापणी. त्यांना काय कळतंय?”

हेमांगीला दवाखान्याची पिशवी भरायची होती आणि त्या अवघडलेल्या शांततेतून उठायला तिला निमित्तच हवं होतं. “जा,” ती म्हणाली. ती स्वतः म्हणाली, हे नोंदवून ठेवायला हवं, कारण पुढं तिनं यासाठी बऱ्याच जणांना दोष दिला. अभय परत आला तेव्हा दिवा हिरवागार होता.

ऑपरेशन छान झालं. बँडेज सुटल्यावर आरशात बघितलं तर कुणीतरी दोन्ही डोळ्यांवर बुक्क्या मारल्यासारखा चेहरा. जांभळं सुजलेलं, कडेनं पिवळं, आणि डोळ्यांत सतत कचकच. पथ्यंही चिक्कार होती. उंच उशीवर झोपायचं, खाली वाकायचं नाही, कांदा चिरायचा नाही, आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही.

“आणि रडू आलं तर?” तिनं विचारलं होतं.

“आवरायचं,” डॉक्टर म्हणाल्या होत्या.

अभयनं सेवा केली, त्यात तसूभर कसर ठेवली नाही. गार पाण्याच्या घड्या बदलल्या, वेळच्या वेळी मलम लावलं, मुगाची खिचडी शिजवली आणि ती बुडाला लागलीही नाही. पण हे सगळं तो प्रयोगशाळेतला नमुना हाताळावा तसं नीटनेटकं आणि मुकाट्यानं करायचा. हेमांगीच्या नव्या पापण्या त्या शांततेत आपल्या मनानं मिटत होत्या, उघडत होत्या. टीव्हीवरच्या बातम्यांना त्यांचं काही जमत नव्हतं. निवेदिका भलत्याच ठिकाणी थांबायची, पापणी भलत्याच ठिकाणी पडायची, आणि हेमांगीची उगीचच चिडचिड व्हायची. समोरचं माणूस आपल्याशी बोलतच नाहीये, असं वाटत राहायचं.

मग मंजिरीताई भेटायला आल्या. नाचणीच्या आंबिलाचा डबा घेऊन, कठडा धरत, धापा टाकत आल्या. अभय कामावर होता. हेमांगीनं काळा चष्मा चढवला आणि मनात म्हटलं, आल्यात आता माझी फजिती बघायला.

“काढ गं तो चष्मा,” मंजिरीताई म्हणाल्या. “मला काय लाजायचं? माझे डोळे बघ, नुसते बटाटे आहेत.”

हेमांगीनं चष्मा काढला. मंजिरीताई बोलायला लागल्या. त्यांच्या वरच्या मजल्यावरची बाई रोज सकाळी ऐन रियाजाच्या वेळी मिक्सर लावते, भांडून झालं, विनवून झालं, आणि आता त्यांनी स्वतःचा षड्जच त्या मिक्सरला लावून घेतलाय. “इतका स्थिर सूर तंबोऱ्याचाही नसतो बाई,” त्या म्हणाल्या, आणि हेमांगीला इतकं हसू आलं की टाके ओढले गेले.

हसता हसता तिला जाणवलं की काहीतरी वेगळं होतंय. मंजिरीताई वाक्याच्या शेवटी थांबत होत्या आणि तिची पापणी अगदी त्याच क्षणी मिटत होती. उघडली की जाड भिंगांमागचे ते डोळेही त्याच वेळी उघडलेले असायचे. कुठं घाई नाही, कुठं अडखळणं नाही. आतलं काहीतरी सैल होत गेलं. या बाईनं आणखी बसावं, आणखी बोलावं, असं हेमांगीला वाटायला लागलं. आणि मग ती स्वतःच बोलायला लागली. व्हिडिओबद्दल, ग्रुपवरच्या त्या शेऱ्याबद्दल, अभयच्या हसण्याबद्दल. सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते तिनं या बाईला सांगितलं.

“हसला तो?” मंजिरीताई म्हणाल्या. “थांब, येऊ दे त्याला. चांगला कान पिळते.”

त्या गेल्यावर हेमांगी तशीच बसून राहिली. कान पिळायचा हक्क यांना कुणी दिला, हा विचार आधी आला. दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला, आणि तो आला तशी ती गारच पडली. ही लय अभयची होती. पण अभयनं तो चष्मा कुणासमोर बसून घातला होता? तिच्या पापण्यांत नवरा बसवला होता खरा, पण तो मंजिरीताईंना ऐकणारा नवरा होता. त्या कुठं थांबतात, कुठं श्वास घेतात, ते सगळं त्याला पाठ होतं, आणि आता तिच्या पापण्यांनाही पाठ होतं.

याहून वाईट गोष्ट पुढं होती. तिथं बसल्यावर कसं वाटतं, ते आता तिला कळलं होतं. आजवर ती नुसत्या कल्पनेवर जळत होती, आता चव घेऊन जळायला लागली. हे सुख हा माणूस आठवड्यातून दोनदा घेऊन येत होता आणि घरी येऊन दोडका खात होता! तिला हंबरडा फोडावासा वाटला. रडायची बंदी होती म्हणून तिनं आंबिलाचा डबा मोरीत पालथा केला.

दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टरांसमोर बसली. “ही लय काढून टाका.”

डॉक्टरांनी पापणी उलटून बघितली, यंत्र लावलं. “इतकी छान धरलीय. का हो?”

“मला नको आहे.”

“नस अजून पक्की झालेली नाही, म्हणजे पुसता येईल. मग कंपनीची लय घालावी लागेल.”

“ती कशी असते?”

“बरी असते. सगळ्यांशी सारखीच. लिफ्टमध्ये भेटलेलं माणूस कसं सभ्य वागतं, तशी.”

हेमांगी विचारात पडली. काढायला आली होती, पण हातातलं सोडायची वेळ आली तशी तिला त्याची किंमत कळायला लागली. “आणि ठेवली तर? समजा, अभय माझ्याशी बोलायला लागला?”

“त्यांचीच लय आहे. ते मनापासून बोलायला लागले की तुमच्या पापण्या त्यांच्याबरोबर मिटणार. त्यांना फार बरं वाटेल, आणि कशामुळे ते कळायचं नाही.” डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं. “सांगून टाका त्यांना. न सांगता हे बरं नाही.”

“सांगते की,” हेमांगी म्हणाली. लय तिनं ठेवली, आणि सांगितलं काहीच नाही. चोरीचा माल चोराच्याच घरात वापरायचा, यात तिला एक वेगळीच मजा वाटत होती. त्या बाईकडून नवरा परत ओढून आणायचा तर तिचाच दोर का वापरू नये?

सूज उतरली, पट्टी विरघळली, आणि डोळे असे देखणे निघाले की भाजीवालीसुद्धा थबकली. हेमांगी कामाला लागली. संध्याकाळी गॅलरीत दोन खुर्च्या अगदी समोरासमोर मांडायच्या, चहा द्यायचा, आणि विचारायचं, “आज काय झालं?”

पहिल्या दिवशी तो म्हणाला, “काही नाही.” पण म्हणताना त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि बघतच राहिला. मग म्हणाला, “म्हणजे तसं एक नमुना आला होता…” कुणीतरी हळदीत मक्याचं पीठ घालून पाठवलं होतं. त्या पिठाचे दाणे सूक्ष्मदर्शकाखाली कसे कोनाकोनाचे दिसतात, हे त्यानं चहा गार होईपर्यंत सांगितलं. हेमांगीला मक्याच्या दाण्यात काडीचा रस नव्हता. तिच्या पापण्यांना मात्र सगळा होता. तो थांबला की त्या मिटत होत्या, तो सुरू झाला की उघडत होत्या, आणि अभयचा चेहरा लग्नाआधीच्या फोटोत होता तसा उजळत चालला होता.

मग तो रोजच बोलायला लागला. साहेबाबद्दल, गुडघ्याबद्दल, वडिलांची आपल्याला किती भीती वाटायची त्याबद्दल. एकदा बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो म्हणाला, “इतकी वर्षं तुझ्याशी असं का नाही बोललो गं मी?” हेमांगीनं नुसतं हसून चहा ओतला. आनंदानं तिला स्वयंपाकघरात जाऊन उड्या माराव्याशा वाटत होत्या.

आणि एका मंगळवारी तो तालमीला गेलाच नाही. शुक्रवारीही गेला नाही. पेटी कपाटाशेजारी तशीच उभी होती. दोन-तीन खेपा चुकल्यावर मंजिरीताईंचा फोन आला.

“अभय बरा आहे ना गं? फोनही उचलत नाही.”

“बरा आहे की,” हेमांगी म्हणाली. “हल्ली घरीच असतो. आमच्या गप्पा संपतच नाहीत बघा.”

पलीकडं क्षणभर शांतता झाली. ती शांतता हेमांगीनं साखरेसारखी चघळली. फोन ठेवून तिनं शेवयांची खीर केली, चांगली सढळ हातानं बेदाणे घालून.

खिरीची वाटी हातात घेऊन अभय गॅलरीत बसला होता, पण खात नव्हता. हेमांगी समोरच्या खुर्चीत येऊन बसली. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेले कपडे काढत होतं.

“हेमा, मी तालमीला जायचं बंद केलंय. तुझ्या लक्षात आलंय ना?”

“आलंय की.” तिनं पदर सारखा केला. कौतुक ऐकून घ्यायला ती तयार होती.

“मला तिथं बसवतच नाही गं आता.” त्यानं वाटी खाली ठेवली. “ताई चालल्यात. धारवाडला, मुलाकडं. कायमच्या. दिवाळी झाली की जाणार. त्यांनी सांगितलं तेव्हा मी पेटीचा भाता धरून नुसता बसलो. मला सूरच सापडेना. त्या म्हणाल्या, अरे वाजव. मला वाजवता येईना.”

म्हणजे हेमांगीसाठी तो घरी राहत नव्हता. एवढ्या संध्याकाळी तो तिच्यासमोर बसून मंजिरीताईंच्या जाण्यापासून लपत होता.

“इतकी वर्षं ताई म्हणत आलो,” अभय म्हणाला. “खरंच ताईच समजत होतो, शपथ. त्या जाणार म्हटल्यावर कळलं.”

“काय कळलं?” हे विचारायला नको होतं. पण विचारलं गेलं.

“की माझा आठवडा म्हणजे ते दोनच दिवस होते. बाकीचे दिवस मी नुसते ढकलत होतो. त्या गाताना पुढं काय येणार ते मला आधी कळायचं. आणखी कुणाच्या बाबतीत मला कधीच काही आधी कळलं नाही, हेमा. तुझ्याही नाही.”

तो हे दुष्टपणानं बोलत नव्हता. जुन्या मित्राच्या खांद्यावर हात ठेवून बोलावं तसं बोलत होता. तो थांबला, त्याच्या पापण्या मिटल्या, आणि त्याच क्षणी तिच्याही मिटल्या. उघडल्या तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की हेमांगीला त्या चेहऱ्यावर खीर फेकावीशी वाटली. तिच्या अंगाची आग आग होत होती. आपण उठून जाऊ शकतो, हे तिला कळत होतं. डोळे घट्ट मिटून घेऊ शकतो. सांगून टाकू शकतो की बाबा रे, हे डोळे तुझं ऐकत नाहीयेत, ही तुझीच लय आहे, मंजिरीताईंसमोर बसून घेतलेली, मी नुसती इथं बसलेय. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की हा गप्प होणार, आणि मग पुन्हा मावशी येणार नाहीत, दोडका आणलाय, बरं, चालेल.

“हे बोललास त्यांना?” तिनं विचारलं.

“छे. कुणालाच नाही बोललो. पहिल्यांदा तुलाच सांगतोय.” अभय पुढं वाकला. “आता तूच सांग, मी काय करू? जायच्या आधी त्यांना सांगावं का?”

पहिल्यांदा तुलाच. हेमांगीच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं, आणि तो आनंद आहे हे ओळखायला तिला थोडा वेळ लागला. आपल्या नवऱ्याचा जीव दुसऱ्या बाईवर जडलाय ही बातमी त्या बाईच्या आधी आपल्याला कळली, आणि त्याचा आपल्याला आनंद झाला! तिला स्वतःची किळस आली. तरी आनंद जाईना. मंजिरीताईंना त्याचं सगळं मिळालं होतं, त्याचे सूर, त्याचे मंगळवार आणि शुक्रवार. हे एक मिळालं नव्हतं.

अभय उत्तराची वाट बघत होता. दोघांच्या पापण्या एकदम मिटल्या, एकदम उघडल्या.

“त्यांना नको सांगूस,” हेमांगी म्हणाली. “मला सांगत जा.”